कौतुक पुरे, आता समीक्षा

बिल शॅनन हा अमेरिकी कलावंत 1970 साली जन्मला आणि पिट्सबर्ग शहरात वाढला. लहानपणीच त्याच्या दोन्ही खुब्यांना पर्थेस नावाच्या आजाराने गाठलं. या आजारात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढं हाड मरतं. शरीर तिथे नवं हाड भरून काढतं, पण पहिली गोलाई परत येईलच असं नाही. सांध्याच्या खोबणीत ते टोक मग नीट फिरत नाही आणि चालताना अंगाचा भार सोसत नाही. शॅननच्या काखेत कुबड्या आल्या त्या यामुळे. त्या कुबड्या घेऊन तो स्केटबोर्डवर चढला, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाशाळेत शिकला आणि 1996 साली न्यू यॉर्कला जाऊन तिथल्या क्लबांत आणि फूटपाथवर नाचू लागला. रस्त्यावरच्या नाचाच्या जगात त्याला ‘क्रचमास्टर’ हे नाव पडलं. पुढे गुगनहाइम पाठ्यवृत्ती मिळाली, सिडनीच्या ऑपेरा हाउससारख्या ठिकाणी प्रयोग झाले, सर्क दु सोले या जगप्रसिद्ध सर्कशीसाठी त्याने नृत्यरचना केली, व्हिडिओ आणि मांडणशिल्पांचं काम केलं. 2020 मध्ये त्याच्यावर ‘क्रच’ हा माहितीपट आला.

अशा कारकिर्दीवर लिहायला बसलं की हात आपोआप एका वळणावर जातो: संकट, जिद्द, मात, टाळ्या. माझं म्हणणं असं की हे वळण शॅननवर अन्याय करणारं आहे आणि एकूण कलाविचारालाही घातक आहे. त्याच्या कामाला दयेची गरज नाही, कौतुकाचीही फारशी नाही. गरज आहे ती इतर कोणत्याही नर्तकाच्या वाट्याला येते तशा काटेकोर समीक्षेची. आपल्याकडच्या वादपद्धतीत आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, आणि मगच उत्तर द्यायचं, असा रिवाज आहे. पुढची मांडणी त्याच रिवाजाने केली आहे. पूर्वपक्ष एका जाणत्या, कलेवर प्रेम करणाऱ्या रसिकाचा आहे आणि त्याचे आक्षेप क्षुद्र नाहीत. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष: समीक्षा करा म्हणणं सोपं आहे, पण करायची कशी ते सांगा. समोर एक माणूस कुबड्यांवर नाचतो आहे. त्याचे खुबे दुखतात हे मला ठाऊक आहे. आता त्याची एखादी हालचाल पुन्हापुन्हा आली, रचना रेंगाळली, शेवट फसला, तर ते मी लिहायचं का? लिहिलं तर मी निर्दय ठरतो आणि नाही लिहिलं तर अप्रामाणिक. ‘न्यू यॉर्कर’च्या नृत्यसमीक्षक आर्लीन क्रोची यांनी 1994 च्या अखेरीस नेमकी हीच अडचण मांडली होती. बिल टी. जोन्स यांची ‘स्टिल/हिअर’ ही रचना दुर्धर आजाराला तोंड देणाऱ्या माणसांच्या अनुभवांवर उभी होती. क्रोची यांनी ती पाहायला नकार दिला आणि न पाहताच लेख लिहिला. ज्यांच्याबद्दल आधीच कीव वाटते त्यांच्या कलेची समीक्षा होऊच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर मोठं वादळ उठलं, पण त्यांनी बोट ठेवलं ती जागा खरी होती. आणि एक कटू प्रश्नही विचारतो. हाच नाच एखाद्या धडधाकट माणसाने केला असता तर बघायला कोण थांबलं असतं? मला वाटतं, लोक नाच बघत नाहीत, कुबड्या बघतात.

उत्तरपक्ष: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. ‘हाच नाच धडधाकट माणसाने केला असता तर’ असं म्हणताना तुम्ही धरून चालता की नाच ही एक गोष्ट आहे आणि कुबड्या ही वरून चिकटलेली दुसरी. प्रत्यक्ष हालचाल पाहिली तर हे टिकत नाही. इतर नर्तकांना जमिनीशी दोन टेकू असतात, शॅननला चार आहेत आणि त्यांतल्या दोहोंचं बळ खांद्यांतून येतं. भार कधी दोन्ही कुबड्यांवर, कधी एक कुबडी आणि एक पाय यांच्यात, कधी क्षणभर नुसत्या खांद्यांवर असा सतत वाटला जातो. त्यामुळे पायांनी जमिनीला फक्त स्पर्श करायचा असतो, अंग तोलायचं नसतं. भारातून सुटलेले पाय वेगळंच काही करू लागतात. ते घरंगळतात, हवेत थबकतात, जमिनीला जेमतेम लागत बारीक पदन्यास करतात. त्याच्या एका रचनेचं नावच ‘आर्ट ऑफ वेटलेसनेस’, म्हणजे वजन नाहीसं करण्याची कला, असं आहे. यासाठी त्याने कुबडीची बनावटही बदलली. नेहमीच्या कुबडीचं रबरी बूच सपाट असतं आणि जमीन धरून ठेवतं. शॅननच्या कुबडीचं खालचं टोक गोलाकार आहे, त्यावर झुलता येतं आणि गिरकी घेता येते. आधाराचं साधन त्याने नाचाचं वाद्य केलं. या पद्धतीला त्याने ‘शॅनन तंत्र’ असं नाव दिलं, हालचालींची फोड करून ती समजावून सांगितली. ज्याची फोड करता येते आणि जे शिकवता येतं, ते नुसतं धाडस नसतं.

ते शिकवता आलं याचा पुरावा सर्कशीत आहे. सर्क दु सोलेच्या ‘व्हारेकाय’ या 2002 सालच्या खेळासाठी शॅननने कुबड्यांवरचं एक एकलनृत्य बसवलं. काही वर्षांनी ती भूमिका डर्गिन टोकमाक या जर्मन नर्तकाकडे आली. टोकमाकला लहानपणी पोलिओ झाला होता आणि तो स्वतः कुबड्यांवर ब्रेकडान्स करणारा होता. दोघांचे आजार वेगळे, शरीरं वेगळी, उमेदवारीची शहरं वेगळी. तरीही एकाची रचना दुसऱ्याच्या अंगात उतरली आणि तिथे तिला वेगळा रंग चढला. कुबड्या हे केवळ एका माणसाचं दुर्दैव असतं तर असं झालं नसतं. एकाने रचलेलं दुसरा आपल्या परीने पेश करतो, याला आपण परंपरा म्हणतो.

आता क्रोची यांच्या अडचणीकडे येऊ. कीव वाटते म्हणून समीक्षा होऊ शकत नाही, हे वाक्य समीक्षकाच्या मनाबद्दल काही सांगतं, कलाकृतीबद्दल काहीच सांगत नाही. कीव ही बघणाऱ्याची तयारी कमी पडल्याची खूण आहे. मराठी रसिकांना तर हे वेगळं सांगायला नको, कारण त्यांनी कुमार गंधर्व ऐकले आहेत. क्षयाने कुमारांचं एक फुप्फुस निकामी झालं. काही वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर ते पुन्हा गायला बसले तेव्हा लांब दमसासाच्या आलापीच्या जागी छोटी, टोकदार, अवचित थांबणारी स्वरवाक्यं त्यांच्या गाण्यात आली होती. ही शैली आजारातून आली की प्रतिभेतून, यावर जाणकारांनी वर्षानुवर्षं वाद घातला. कोणी त्यांना युगप्रवर्तक म्हटलं, कोणी ख्यालाची चौकट मोडली म्हणून कठोर टीका केली. पण एका फुप्फुसाच्या माणसावर टीका कशी करायची, असं म्हणून लेखणी कोणी खाली ठेवली नाही. श्वासाच्या मर्यादेतून नवं सौंदर्य उभं राहतं हे आपण गाण्यात मान्य केलं. नाचात मान्य करायला हरकत कोणती? फरक इतकाच की फुप्फुस दिसत नाही आणि कुबडी दिसते.

पूर्वपक्ष: कुमारांचा दाखला मान्य. पण मग धैर्याचं कौतुक करण्यात गैर काय, तेही सांगा. सुधा चंद्रन यांनी 1981 साली अपघातानंतर पाय गमावला, जयपूर फूट बसवून घेतला आणि त्या पुन्हा भरतनाट्यम् करायला उभ्या राहिल्या. ‘मयूरी’ आणि पाठोपाठ ‘नाचे मयूरी’ हे चित्रपट पाहून कित्येकांना धीर आला. अमेरिकेत पेग लेग बेट्स हा कृष्णवर्णीय नर्तक होता. बाराव्या वर्षी कापसाच्या यंत्रात सापडून त्याचा पाय गेला. तो लाकडी पायावर टॅप नाचला आणि एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा दिसला. ज्यांचं आयुष्य एका क्षणात उलटंपालटं झालं आहे, त्यांना अशा माणसांकडे पाहून जगावंसं वाटतं. समीक्षेच्या नावाखाली ही प्रेरणा हिरावून घ्यायची हा कोरडेपणा नाही का?

उत्तरपक्ष: ज्याचा पाय आजच गेला आहे त्याला सुधा चंद्रन यांच्याकडे पाहून बळ मिळत असेल, तर त्यावर कोणाचाही आक्षेप नाही. ते एका समदुःखी माणसाने दुसऱ्याला दिलेलं बळ आहे. आक्षेप आहे तो धडधाकट प्रेक्षकाच्या प्रेरणेवर. ऑस्ट्रेलियाच्या विनोदकार आणि पत्रकार स्टेला यंग स्वतः चाकाची खुर्ची वापरत. 2014 सालच्या एका गाजलेल्या भाषणात त्यांनी हा व्यवहार उघडा पाडला. अपंग माणसाचं चित्र पाहून इतरांना वाटतं, माझं आयुष्य इतकं वाईट तर नाही. हे समाधान दुसऱ्याला वस्तू करून मिळवलेलं असतं, असा त्यांचा मुद्दा होता. शॅननच्या नाचानंतर ‘याला जमतं तर मला का नाही’ असं म्हणत बाहेर पडणारा प्रेक्षक नाच पाहून आलेलाच नसतो. तो स्वतःला पाहून आलेला असतो.

तुम्ही दिलेले दोन दाखलेही एका जातीचे नाहीत. भरतनाट्यम् चं व्याकरण शतकानुशतकं घडलेलं आहे आणि ते सुधा चंद्रन यांच्या अपघाताने बदलणार नव्हतं. अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याची त्यातली मूळ ठेवण, अरैमंडीसारखीच दिसायला हवी होती. त्यांचा पराक्रम परत येण्याचा होता, म्हणून पूर्वीच्या नाचाशी किती मिळतंजुळतं झालं हे त्याचं माप ठरलं. त्यामागची मेहनत मोठी होती यात शंका नाही. बेट्स मात्र थोडा पुढे गेला. एका पायाखाली बुटाच्या धातूचा टणत्कार आणि दुसऱ्या बाजूला लाकडाचा खोल ठोका, असा जोडध्वनी दोन पायांच्या टॅप नर्तकाला काढताच येणार नव्हता. शॅनन त्याच वाटेवर आणखी पुढे आहे. त्याला कुठे परत यायचं नाही. त्याने आपली पद्धत स्वतःच घडवली.

हे त्याला साधलं त्याचं एक कारण त्याने निवडलेल्या नाचात, म्हणजे हिप-हॉपमध्ये, आहे. हिप-हॉपच्या जन्माची तारीख सहसा 11 ऑगस्ट 1973 अशी सांगतात. त्या दिवशी न्यू यॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने वाजवलेल्या संगीतावर तिथली मुलं नाचली. या मुलांकडे ना नृत्यशाळा होती, ना रंगमंच, ना गुरू. त्यामुळे नाचण्यायोग्य शरीर कसं असावं याची आखीव कल्पनाही नव्हती. सायफर म्हणजे नर्तकांचं रिंगण. त्यात शिरायला प्रवेशपरीक्षा लागत नाही, पण आत उभं राहायला स्वतःचं काहीतरी लागतं. दुसऱ्याची हालचाल उचलणं हा तिथला सगळ्यात मोठा कलंक. बॅलेच्या शाळेने शॅननला दारातूनच परत पाठवलं असतं. इथे मात्र त्याच्याजवळ असं काही होतं जे कोणाला उचलता येणार नव्हतं. आणि रिंगणात दयामाया फार वेळ टिकत नाही. तुम्ही फिके पडलात की पुढचा नर्तक आत येतो. म्हणजे क्रोचींना जी समीक्षा अशक्य वाटली, ती न्यू यॉर्कच्या नाचणाऱ्या पोरांनी रोज रात्री केली होती.

पूर्वपक्ष: नर्तक म्हणून तुमचं म्हणणं पटतं आहे. पण रस्त्यावरच्या त्याच्या प्रयोगांचं काय? तो गर्दीत जातो, जमिनीवरची बाटली उचलायला विचित्र पद्धतीने वाकतो, जिन्यावर अडखळल्यासारखं करतो, पडतो. कोणी भला माणूस हातातलं काम टाकून धावतो आणि त्याला माहीतही नसतं की हा प्रयोग आहे आणि पलीकडे काचेआड तिकीट काढलेले प्रेक्षक बसले आहेत. काही वेळा कॅमेराही चालू असतो. शिवाय हा माणूस कुबड्या बाजूला ठेवून थोडंफार उभं राहू शकतो, चालू शकतो. मग हे चांगुलपणाला फसवणं नाही का? उद्या खरोखर पडलेल्या माणसाला कोणी हात द्यायला गेलं नाही, तर त्याची जबाबदारी कोणाची?

उत्तरपक्ष: तुमच्या आक्षेपांपैकी हा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून तो तुकड्या-तुकड्यांनी तपासू. पहिला तुकडा थोडंफार चालता येण्याचा. अपंगत्व हे दिव्याच्या बटणासारखं चालू किंवा बंद नसतं. दहा पावलं टाकता येणाऱ्या माणसाला दोन किलोमीटर जाता येतंच असं नाही, आणि सकाळी उभा राहणारा संध्याकाळी राहू शकेल असंही नाही. झिजलेल्या सांध्याचं दुखणं रोज वेगळं असतं. पण बघणाऱ्याला दोनच कप्पे माहीत असतात: पुरता लाचार किंवा सोंगाडी. कुबडीवाला माणूस दोन पावलं मोकळा चालला की कालची सहानुभूती आज संशय होते. शॅनन नेमका या दोन कप्प्यांच्या मधल्या पट्ट्यात उभा राहून काम करतो. ज्याला तुम्ही फसवणूक म्हणता, तो त्याच्या रोजच्या शरीराचा खरा अनुभव आहे.

दुसरा तुकडा चांगुलपणाचा. ‘रिगार्डिंग द फॉल’, ‘विंडो’, ‘ट्रॅफिक’ या प्रयोगांचा विषय पडणारा माणूस नाही, त्याच्याभोवतीची माणसं आहेत. ‘विंडो’मध्ये प्रेक्षक खिडकीतून रस्ता पाहतात. ‘ट्रॅफिक’मध्ये ते बसमध्ये बसून शहरातून त्याच्या मागोमाग फिरतात. त्यांना दिसतं ते असं: कोणी न विचारता हात धरतो, कोणी नजर चुकवून रस्ता ओलांडतो, कोणी दुरून बघत राहतो, कोणी सरळ येऊन ‘मदत हवी का’ असं विचारतो आणि नकार मिळाला की शांतपणे आपल्या वाटेला लागतो. अपंग माणूस काही करायच्या आतच त्याच्याबद्दलची एक गोष्ट लोकांच्या मनात तयार असते आणि बहुतेक जण त्या गोष्टीला मदत करतात, त्या माणसाला नाही. मदत करू नका असं हे प्रयोग म्हणत नाहीत. आधी विचारा आणि उत्तर ऐका, एवढीच ही मागणी आहे. एवढ्याने ज्याचा चांगुलपणा आटेल, त्याचा चांगुलपणा स्वतःच्या समाधानासाठी होता असंच म्हणावं लागेल.

या प्रयोगांना रस्ताच का हवा, याला इतिहासही कारण आहे. ज्या शिकागोत शॅनन शिकला, तिथे 1881 साली एक वटहुकूम निघाला होता. रोगट, अवयव गमावलेल्या किंवा ‘पाहवत नाही’ अशा शरीराच्या माणसांनी सार्वजनिक जागी लोकांच्या नजरेस पडू नये, पडल्यास दंड, असा त्याचा आशय. तो रद्द व्हायला 1974 साल उजाडलं, म्हणजे शॅनन तेव्हा चालायला शिकला होता. अमेरिकेच्या इतर काही शहरांतही असे कायदे होते. ज्या देशातल्या काही शहरांत अशा शरीराने रस्त्यावर दिसणं हाच कधीकाळी गुन्हा होता, तिथे कुबड्या घेऊन भर चौकात नाचणं, पडणं आणि लोकांना आपल्याकडे बघायला लावणं हे नागरिकाने आपली जागा परत मागणं आहे.

तिसरा तुकडा संमतीचा, आणि इथे तुमचं बरंचसं बरोबर आहे. ज्याला प्रयोग चालू आहे हे ठाऊक नाही त्याचा चेहरा चित्रित होणं, तो पुढे दाखवला जाणं, हा प्रश्न कलावंताच्या हेतूने मिटत नाही. त्या वाटसरूचाही स्वतःच्या प्रतिमेवर हक्क आहे. इतकंच म्हणेन की हा प्रश्न लपवलेल्या कॅमेऱ्याने काम करणाऱ्या प्रत्येक कलावंताला विचारायला हवा आणि शॅननलाही तितक्याच स्पष्टपणे विचारायला हवा. तो अपंग आहे म्हणून प्रश्न सौम्य करायचा नाही आणि तो अपंग आहे म्हणून जास्त कडकही करायचा नाही. बघा, हा आक्षेप घेताना तुम्ही स्वतः समीक्षक झालात आणि त्यात निर्दयपणा कुठेच आला नाही.

नाचणारा माणूस व्हिडिओ आणि यंत्रांकडे का वळला, याचं उत्तरही इथेच आहे. ज्याच्या कलेचा विषयच बघण्याची क्रिया आहे, त्याला कॅमेरा हे हत्यार अटळ होतं. ‘टच अपडेट’ या रचनेत नर्तकांच्या डोक्यांवर पडद्यासारखे मुखवटे आहेत आणि त्यांवर चेहऱ्यांची चित्रं प्रक्षेपित होतात. शरीर खरं, समोरचं, आणि चेहरा मात्र प्रतिमेचा. फोनच्या पडद्याआडून एकमेकांना भेटणाऱ्या साऱ्यांनाच आता ही स्थिती ओळखीची आहे. आपल्या खऱ्या अंगाच्या आधी आपली प्रतिमा लोकांपर्यंत पोचते, हा अनुभव कुबडी वापरणाऱ्याने फार आधी घेतलेला असतो. त्या अनुभवाच्या बळावर शॅनन अपंगत्वाच्या पलीकडच्या, सगळ्यांच्या प्रश्नावर बोलू शकला. म्हणून नर्तक आणि माध्यमकलावंत अशा दोन कारकिर्दी त्याने केल्या असं म्हणणं चुकीचं आहे. काम एकच होतं, साधनं बदलत गेली.

पूर्वपक्ष: मग शेवटचा आक्षेप ऐका. रस्त्याची भाषा बोलणारा हा कलावंत सर्कशीत गेला, वस्तुसंग्रहालयात गेला, 2009 साली व्हिसा कंपनीच्या जाहिरातीत दिसला. जिथे लोकांच्या कौतुकाचा धंदा होतो तिथेच तो उभा राहिला. आणि अशा एका ताऱ्यामुळे लाखो अपंगांना काय मिळालं? उलट समाज म्हणायला मोकळा झाला की बघा, इच्छा असली तर सगळं जमतं, मग उतरते रस्ते आणि लिफ्ट कशाला?

उत्तरपक्ष: जाहिरातीबद्दलचा तुमचा संशय रास्त आहे. काही सेकंदांच्या चित्रफितीत तंत्र समजावायला वेळ नसतो, उरतं ते फक्त नवल. पण नर्तकाचं पोट कशावर चालतं हेही विचारायला हवं. रस्त्यावर नाचणाऱ्याला निवृत्तिवेतन नसतं, आणि झिजत जाणारे खुबे आणि सगळा भार घेणारे खांदे घेऊन तो किती वर्षं नाचणार? धडधाकट नर्तकांनी जाहिरात केली की आपण तिला व्यवसाय म्हणतो. अपंग कलावंताने मानधन घेतलं की त्याच्या शुद्धतेचा हिशेब मांडतो. त्याने गरीब आणि निष्कलंक राहावं ही अपेक्षाही दयेचाच एक प्रकार आहे.

हक्कांच्या प्रश्नात तुम्ही कलावंतावर समाजाचं ओझं टाकता आहात. मार्च 1990 मध्ये अमेरिकेच्या संसदभवनासमोर अपंग आंदोलकांनी आपल्या चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि ते दगडी पायऱ्या सरपटत चढून गेले. त्याच वर्षी 26 जुलैला अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. उतरते रस्ते आणि लिफ्ट असे लढ्यातून आणि कायद्यातून येतात, नाचातून येत नाहीत. येऊही नयेत, कारण जिन्यापाशी अडलेल्या माणसाला वर जाण्यासाठी प्रतिभावान असण्याची अट असू नये. पण नाचातून एक गोष्ट नक्की येते: मागून येणाऱ्यांसाठी रस्ता. आज कुबड्यांवर नाचणारा कोणी एकटा नवलाईचा माणूस राहिलेला नाही. कॅनडाच्या लुका पटुएली याने 2007 साली ‘इल-अ‍ॅबिलिटीज’ हा वेगवेगळ्या देशांतल्या अपंग ब्रेकडान्सरांचा संघ उभारला. 28 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात दक्षिण आफ्रिकेचा एका पायाचा नर्तक मुसा मोथा कुबड्यांवर नाचला. यांतला प्रत्येक जण शॅननची नक्कल करत नाही आणि त्याचा शिष्यही नाही. पण आता तुलना शक्य आहे. कोणाचा भार कसा पडतो, कोणाची लय खांद्यातून निघते, कोण नुसत्या चापल्यावर थांबतो आणि कोण विचारापर्यंत जातो, हे सांगता येतं. जिथे तुलना शक्य होते तिथे समीक्षेला पळवाट उरत नाही.

तेव्हा जे इतरांनी करावं असं मी म्हणतो, ते माझ्याकडूनही व्हायला हवं. शॅननची देहभाषा पहिल्या प्रतीची आहे. तिच्यातला प्रवाहीपणा, भार लपवण्याची हातोटी आणि शहराच्या रस्त्याचा चढउतार नाचात सामावून घेण्याची तयारी दुर्मीळ आहे. आरजेडी2 या संगीतकाराच्या ‘वर्क इट आउट’ या गाण्याच्या चित्रफितीत तो न्यू यॉर्कच्या रस्त्यांवरून वाहत जातो. ते पाहिलं की याविषयी शंका राहत नाही. पण त्याच्या कामाची एक कमजोर बाजूही आहे. त्याला समजावून सांगण्याचा मोह आवरत नाही. व्याख्यान-प्रात्यक्षिकांत तो बघ्यांच्या वागण्याचे प्रकार पाडतो, त्यांना नावं देतो, सिद्धांत मांडतो. हे वाचायला आणि ऐकायला उद्बोधक आहे, पण प्रयोगाच्या अंगाशी येतं. रस्त्यावरच्या माणसाच्या मनात गोष्ट आधीच तयार असते अशी त्याची तक्रार आहे, आणि इथे तो स्वतःच प्रेक्षकाच्या हातात तयार गोष्ट देतो. यंत्रांनी सजलेल्या रचनांत तर कधी कधी मुखवटा इतका बोलका होतो की त्याच्याखालच्या शरीराकडे बघायला सवड राहत नाही. त्याच्या सगळ्या कामाचं भांडवल ते शरीर आहे, म्हणून ही उणीव मला मोठी वाटते. असं लिहिल्याने शॅनन लहान होत नाही. त्याला गंभीरपणे घेतल्याचा तोच पुरावा आहे.

हा निष्कर्ष आपल्यालाही लागू आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 यातलं कलम 29 कला आणि संस्कृतीबद्दल बोलतं. अपंग कलावंतांना सोयी, साहाय्य आणि प्रायोजकत्व द्यावं, कला विषयांचे अभ्यासक्रम त्यांना सहभागी होता येईल असे नव्याने आखावेत, असं ते सांगतं. गोव्यात 2023 पासून पर्पल फेस्ट भरतो आणि तिथे अपंग कलावंत मंचावर येतात. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल ‘जिद्दीला सलाम’ छापून येत असेल, तर कलम आणि महोत्सव दोन्ही अर्धेच राहिले. संपादकांना विनंती आहे की अशा कार्यक्रमाला नृत्याच्या किंवा संगीताच्या जाणकारालाच पाठवा. आयोजकांना विनंती आहे की मानपत्राबरोबर ठरलेलं मानधन द्या, आणि मंचावर चढायला जिना असेल तर आधी तो बदला. नृत्यशिक्षकांनी दारात आलेल्या मुलाच्या पायांकडे पाहून नकार देण्यापूर्वी त्याच्या खांद्यांना काय येतं ते विचारावं. आणि वाचकहो, पुढच्या वेळी कुबड्यांवरचा नर्तक पाहून डोळ्यांत पाणी आलं तर ते पुसा आणि पुन्हा नीट बघा. काय आवडलं, काय फसलं, आणि का, हे स्पष्ट सांगा. कलावंताचा तो हक्क आहे.